विमानांवरचं पुस्तक पारखायचं कसं? आधी कुठली पानं उघडता?

शेपूटचाक
विमानं आणि त्यांचा इतिहास यांवर पुस्तकं ढिगाने आहेत. वैमानिकांची आत्मकथनं, एकेका विमानाची चरित्रं, अपघातांवरची पुस्तकं, शास्त्र सोपं करून सांगणारी पुस्तकं. पण एकाने केलेली चूक दहा जण उतरवून घेतात आणि मग तीच इतिहास म्हणून फिरते. म्हणून माझं मत असं की, पहिल्या पानापासून वाचायला घेऊच नये. आधी मागची सूची काढायची, तीन ठिकाणं बघायची आणि मग ठरवायचं.

पहिलं ठिकाण म्हणजे पंख विमानाला उचलून कसा धरतो याचं स्पष्टीकरण. 'पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, खालच्या हवेला गाठायचं म्हणून ती वेगाने पळते' असं दिसलं की लाल शेरा. दोन्हीकडच्या हवेने मागच्या कडेला एकाच वेळी पोचायचं असा काही करार झालेला नाही. विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेचा झोत सोडणाऱ्या बोगद्यात, धुराच्या रेषा सोडून पाहिलं तर वरची हवा खालचीच्या आधीच पुढे निघून गेलेली दिसते. आणि ते स्पष्टीकरण खरं असतं तर सपाट पंखांचं खेळण्यातलं विमान उडलं नसतं, कसरतीची विमानं उलटी होऊन उडाली नसती.

दुसरं ठिकाण राईट बंधूंचं 1901 साल. 1903 नव्हे, 1901. तिसरं, कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाच्या खिडक्या.

या दोन्हींबद्दल मुद्दाम लिहीत नाही, जाणकार येतीलच. तुमची कसोटीची पानं कुठली? आणि त्यांवर टिकलेली पुस्तकं कोणती?

कागदी_विमान
माझी कसोटी सोपी. मुखपृष्ठावरचं विमान आणि आतल्या मजकुरातलं विमान एकच आहे का बघायचं. निम्मी पुस्तकं इथेच गळतात.

रिवेट
1901 बद्दल लिहितो, कारण 'सायकलवाले भाऊ, जिद्द, आणि एक दिवस उडाले' छापाच्या पुस्तकांचा कंटाळा आलाय.

1901 च्या ग्लायडरने हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश लिफ्ट (वर उचलणारं बल) दिली. भावांनी आधी जर्मन ग्लायडरवाल्या लिलिएंथालच्या लिफ्टच्या तक्त्यांवर संशय घेतला. मग त्या शरद ऋतूत त्यांनी सहा फूट लांब आणि 16 इंच चौरस तोंडाचा विंड टनेल बनवला आणि दोनशेच्या आसपास छोटे पंख तपासले. आतला तराजू कशाचा? करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या आऱ्यांच्या तारेचा. मोजमापांतून निघालं ते असं की लिलिएंथालचे आकडे एकंदरीत ठीक होते, चूक होती हवेच्या दाबाच्या गुणांकात. तो स्मीटनचा गुणांक अठराव्या शतकापासून 0.005 धरला जात होता. राईटांच्या हिशेबाने तो 0.0033 च्या जवळ आला. लिफ्टच्या सूत्रात हा गुणांक सरळ गुणला जातो, म्हणजे एवढ्या एका आकड्यापायी उत्तर दीडपट फुगत होतं. बाकीची तूट पंखाच्या आकाराची: त्यांचा पंख लिलिएंथालच्या पंखाइतका लांबट-अरुंद नव्हता आणि त्याचा बाकही वेगळा होता, तरी तक्ता मात्र तोच लावला होता.

त्याच टनेलमधल्या आकड्यांवर पुढे प्रोपेलर बेतला. बोटीचा पंखा पाणी मागे ढकलतो तसा विचार सोडून त्यांनी प्रोपेलर म्हणजे गोल फिरणारा पंख असं धरलं. साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर, उलट दिशांना फिरणारे, त्यासाठी एका बाजूची साखळी आठाच्या आकड्यासारखी तिढा देऊन नेलेली. इंजिन फक्त 12 अश्वशक्तीच्या आसपास होतं, म्हणून प्रोपेलर चांगला नसता तर गाडी रुळावरच राहिली असती.

पुस्तकात स्मीटन नसेल तर लेखकाने राईट बंधू वाचलेलेच नाहीत. टॉम क्राउचचं 'द बिशप्स बॉइज' (1989) यात पूर्ण गुण मिळवतं. डेव्हिड मॅककलोचं 2015 चं पुस्तक माणसं छान रंगवतं, पण यंत्र त्याला फारसं खुणावत नाही.

वातकुक्कुट
रिवेट, +1. एक भर घालतो, 1902 चं प्रकरणही तपासा. त्या ग्लायडरला सुरुवातीला मागे दोन स्थिर उभी शेपटं होती. वळायला पंख पिळला की ज्या बाजूची लिफ्ट वाढे त्या बाजूचा अडथळाही वाढे, आणि नाक नेमकं उलट्या दिशेला जाई. शेपूट स्थिर असल्यामुळे विमान खालच्या पंखाच्या बाजूने घसरत जाऊन वाळूत गोल खड्डा खणे. त्यांनी दोन शेपटांच्या जागी एकच हलतं सुकाणू बसवलं आणि त्याच्या तारा पंख पिळण्याच्या यंत्रणेला जोडल्या. तिन्ही अक्षांवर ताबा आला तो इथे. 1903 ला त्यात इंजिन चढवलं, एवढंच. ज्या पुस्तकात 1902 ला दोन ओळी आणि 1903 ला वीस पानं, ते पुस्तक फोटो बघून लिहिलेलं असतं.

स्लिपस्ट्रीम
शेपूटचाक यांच्या पहिल्या कसोटीला माझा विरोध आहे. त्या चाळणीने फार चांगली पुस्तकं बाद होतील. आत्मकथन लिहिणाऱ्या वैमानिकाने लिफ्टवर चार चुकीच्या ओळी लिहिल्या म्हणून त्याने सांगितलेलं वादळ खोटं ठरत नाही. अर्न्स्ट गॅनचं 'फेट इज द हंटर' (1961) मी भौतिकशास्त्रासाठी उघडणार नाही. पंखावर बर्फ चढतो म्हणजे नेमकं काय होतं, वेग कसा गळत जातो, कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्यात किती कमी बोलणं होतं, हे त्यात आहे तसं पाठ्यपुस्तकात नाही.

शेपूटचाक
मान्य. पण मग कसोटी दोन प्रकारची धरू. 'मी अनुभवलं' म्हणणाऱ्याला लिफ्टचं माफ. 'मी समजावून सांगतो' म्हणणाऱ्याला माफ नाही.

वातकुक्कुट
आणि समजावून सांगणाऱ्यांमध्ये बर्नुली की न्यूटन हे भांडण लावून देणारा लेखक दिसला तर त्यालाही दूर ठेवा. पंख हवेला खाली वळवतो (न्यूटन) आणि वर-खाली दाबाचा फरक पडतो (बर्नुली), या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. दोन्ही पद्धतींनी हिशेब केला तर उत्तर एकच येतं.

वोल्फगांग लांगेविशने 1944 मध्येच हा गुंता टाळला. 'स्टिक अँड रडर'मध्ये तो बर्नुलीच्या वाटेला न जाता थेट अँगल ऑफ अटॅकवर येतो, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन. वैमानिकाच्या हातात काय आहे? तो कोन. मग पुस्तक त्याच्याभोवतीच का फिरू नये?

नवखा_प्रवासी
बाळबोध प्रश्न, हसू नका. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं ना? बातम्यांत तसंच लिहितात.

वातकुक्कुट
हसण्यासारखं काही नाही, छापील पुस्तकांतही हा घोळ आहे. स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. कोन वाढवत नेला की लिफ्ट वाढत जाते, पण साधारण 15-16 अंशांच्या पुढे पंखावरची हवा पृष्ठभाग सोडते, लिफ्ट कोसळते. तो स्टॉल. इंजिन पूर्ण जोरात असतानाही होतो, नाक खाली असतानाही होतो, भरपूर वेगातही होतो.

वेगाचं गणित बघा. सरळ उडताना 50 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होणारं विमान उंची न सोडता 45 अंश कलून वळवलं तर साधारण 60 नॉटला स्टॉल होतं, आणि 60 अंश कललं तर 71 नॉटला. कारण 60 अंशांत पंखावरचं ओझं दुप्पट होतं आणि स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळाने वाढतो. उतरायच्या आधीचं शेवटचं वळण धावपट्टीच्या पुढे गेलं, म्हणून वैमानिक ते आणखी आवळतो, नाक वर ओढतो आणि जमिनीपासून थोड्याच उंचीवर स्टॉल होतो, त्यामागे हाच आकडा आहे. हे वर्गमूळ ज्या पुस्तकात आहे ते विकत घ्या.

नवखा_प्रवासी
धन्यवाद. वाचनखूण साठवली.

काळी_पेटी
कॉमेटवर कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

'कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या, कोपऱ्यांत ताण आला, विमानं फुटली, मग सगळ्यांनी गोल खिडक्या केल्या.' हे वाक्य इतक्या पुस्तकांत आहे की आता लेखक ते न तपासताच टाइप करत असावेत. मुळात खिडक्यांचे कोपरे गोलसर होते. आणि 10 जानेवारी 1954 ला एल्बा बेटाजवळ पडलेल्या 'योक पीटर'चा तडा प्रवाशांच्या खिडकीतून सुरू झालेला नाही. तो सुरू झाला छतावरच्या दिशाशोधक अँटेनाच्या झरोक्याच्या कोपऱ्याजवळ, पत्रे जोडणाऱ्या रिवेटच्या भोकापाशी. दुसरं विमान 8 एप्रिलला गेलं आणि मग उड्डाणं पुन्हा थांबवली.

इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन केंद्रात 'योक अंकल' नावाचं तिसरं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आत-बाहेर पाणी भरून दाब देत गेले. पाणीच का? हवा दाबून भरली असती तर फुटताना स्फोट होऊन तड्याचा उगम शोधता आला नसता. पाणी जवळपास दाबलं जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला की दाब लगेच उतरतो आणि तडा आहे तसा हाती लागतो. हे विमान 1,221 प्रत्यक्ष उड्डाणं आणि टाकीतली 1,836 आवर्तनं, असं एकूण 3,057 ला फाटलं. तेव्हा तडा संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघाला. खिडक्यांची गोष्ट इथून आली असावी. योक पीटर मात्र 1,290 उड्डाणांतच गेलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. विमान सेवेत आल्यानंतर कंपनीने फटीगची, म्हणजे वारंवारच्या ताणाने धातू थकण्याची, चाचणी केली होती आणि नमुन्याने 16 हजारांहून अधिक आवर्तनं सोसली होती. मग प्रत्यक्षात हजारभरात का फुटलं? कारण तोच नमुना आधी ताकदीच्या चाचणीत नेहमीच्या दुप्पट दाबाने फुगवला होता. त्या दाबाने कोपऱ्यांतला धातू थोडा ताणून बसला, दाब काढल्यावर तिथे उलटा ताण शिल्लक राहिला आणि त्यानेच पुढच्या तड्यांना रोखून धरलं. सेवेतल्या विमानांना तो फायदा मिळालेला नव्हता. एकाच नमुन्यावर दोन चाचण्या करायच्या नाहीत, हा धडा विमान उद्योगाने इथे घेतला. हे ज्या पुस्तकात आहे त्याला माझे दहापैकी दहा.

रिवेट
काळी_पेटी, सुरेख. शिवाय कोपऱ्यांतले ताण कंपनीच्या हिशेबापेक्षा जास्त निघाले, हेही त्यात धरायला हवं.

गिरकी
इथे सगळे राईट राईट करताय. ते गोफणीने फेकून उडवत होते, हे खरं ना? चाकांवर धावून स्वतःच्या बळावर पहिला उडाला तो ब्राझीलचा सांतुस-द्युमाँ.

वातकुक्कुट
ही सुद्धा कसोटीचीच जागा. वजन खाली सोडून विमानाला ओढणारा मनोरा राईटांनी वापरला तो सप्टेंबर 1904 पासून. 17 डिसेंबर 1903 ला फक्त 60 फुटांचा लाकडी रूळ होता आणि समोरून ताशी 20 मैलांहून जोराचा वारा. पहिलं उड्डाण 12 सेकंद, 120 फूट. भागाकार केला तर जमिनीच्या हिशेबाने ताशी सात मैलसुद्धा पडत नाहीत, पण हवेच्या हिशेबाने वेग 30 च्या वर होता. म्हणून त्या वाऱ्याचा उल्लेख न करता '12 सेकंद' छापणारं पुस्तक अर्धंच सांगतं. चौथं उड्डाण 59 सेकंद, 852 फूट. आणि 5 ऑक्टोबर 1905 ला 39 मिनिटांत 24 मैल, गोल गोल फेऱ्या मारत.

सांतुस-द्युमाँचं 14-बिस पॅरिसमध्ये 23 ऑक्टोबर 1906 ला सुमारे 60 मीटर आणि 12 नोव्हेंबरला 220 मीटर उडालं. चाकं होती, प्रेक्षक होते, अधिकृत मोजणी होती. यांतलं काहीच खोटं नाही. फक्त 'पहिला' म्हणजे काय हे लेखकाने आधी सांगायला हवं.

गिरकी
आणि 1895 मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं म्हणतात, ते? ते कुठल्या पुस्तकात बघायचं? की ते बघायचंच नाही?

काळी_पेटी
बघा की, पण चाळणी तीच लावा. इंजिन कुठलं, वजन किती, वळवायचं कसं, त्या वेळचं मोजमाप कुठे? यांतल्या एकाचंही उत्तर तपासण्याजोगं मिळत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार सांगतात त्याचा अभ्यास बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत. गुस्ताव्ह व्हाइटहेडच्या राईटांआधी उडाल्याच्या 1901 च्या दाव्यालाही हीच चाळणी लावा, उडतानाचा फोटो तिथेही नाही. तळपद्यांना वेगळा न्याय नको आणि व्हाइटहेडलाही नको.

संपादक
तळपदे यांच्यावरची पुढची चर्चा वेगळ्या धाग्यावर करावी. इथे पुस्तकं.

कागदी_विमान
संपादकांनी धागा स्टॉल होण्याआधी नाक खाली घेतलं. :)

स्लिपस्ट्रीम
'पहिला कोण'च्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट बघायची: लेखकाने राईट आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांचं भांडण सांगितलंय का? लँगली त्या संस्थेचा प्रमुख. त्याचं एरोड्रोम 1903 च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा 8 डिसेंबरला पोटोमॅक नदीत पडलं. 1914 मध्ये राईटांचा प्रतिस्पर्धी विमान-उत्पादक कर्टिसने तेच विमान बरेच बदल करून थोडंसं उडवून दाखवलं आणि संस्थेने 'हे पहिलं उडू शकणारं विमान' अशी पाटी लावली. ऑरव्हिल राईटने चिडून 1928 मध्ये आपलं 1903 चं विमान, फ्लायर, लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवलं. संस्थेने 1942 मध्ये माघार घेतली, विमान 1948 अखेर परत आलं, आणि तेही राईटांचं श्रेय न नाकारण्याच्या लेखी करारासह. करार आहे म्हणून संस्था राईटांची बाजू घेते असं काही जण म्हणतात. असं म्हणणाऱ्याने 1902 ची ग्लायडर-वही उघडून दाखवावी, करार बाजूला राहू दे.

वातकुक्कुट
बरोबर. दोघा भावांच्या वह्या आणि त्यांचा सल्लागार-मित्र, अभियंता शनूट याच्याशी झालेला पत्रव्यवहार 1953 मध्ये दोन खंडांत छापलेला आहे. चरित्रात काही अचाट वाचलं की त्या तारखेचं पत्र काढून बघायचं.

शेपूटचाक
आत्मकथनांची कसोटी कोणी सांगितली नाही अजून. स्लिपस्ट्रीम?

स्लिपस्ट्रीम
सांगतो. आत्मकथन पारखायला तीन प्रश्न पुरतात: कधी लिहिलं, कोणी लिहिलं, आणि लिहिणारा कोणाच्या बाजूचा.

कधी: 1927 मध्ये एकट्याने अटलांटिक पार करणाऱ्या लिंडबर्गची दोन पुस्तकं आहेत. 'वी' हे 1927 चं, उड्डाण झाल्यावर काही आठवड्यांत उरकलेलं, कोरडं. 'द स्पिरिट ऑफ सेंट लुईस' 1953 चं, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. दुसऱ्यात झोपेशी झगडणं, भास होणं सगळं आहे आणि वाचायला ते शंभर पट सरस. पण मध्ये पाव शतक गेलंय हे विसरू नका. आकडे पहिल्यातून घ्या, माणूस दुसऱ्यातून.

कोणी: बेरिल मार्कमच्या 'वेस्ट विथ द नाइट' (1942) मधला किती मजकूर तिचा आणि किती तिच्या नवऱ्याचा, हा वाद मिटलेला नाही. उड्डाणाला मात्र साक्षीदार आहेत. सप्टेंबर 1936, इंग्लंडहून पश्चिमेकडे एकटीने अटलांटिक पार. शेवटी टाकीच्या हवा घेणाऱ्या नळीत बर्फ धरला, इंधन येईना, आणि विमान केप ब्रेटनच्या दलदलीत उतरवावं लागलं.

बाजू: नेव्हिल शूटचं 'स्लाइड रूल' (1954). R100 आणि R101 या दोन वायुनौकांची गोष्ट सांगणारं यापेक्षा वाचनीय पुस्तक नाही. पण शूट हा R100 ची तांत्रिक गणितं करणाऱ्यांपैकी होता, म्हणजे खासगी कंपनीचा माणूस. R101 सरकारी. तो सरकारी अभियंत्यांना कितपत न्याय देईल ते तुम्हीच ठरवा. R101 फ्रान्समध्ये बोव्हेजवळ 5 ऑक्टोबर 1930 ला पडून 54 पैकी 48 जण गेले, त्याची कारणं शूटकडून ऐका आणि चौकशीच्या कागदांशी ताडून बघा.

एक सूचना फ्रेंच वैमानिक-लेखक सेंट-एक्झुपेरी वाचणाऱ्यांना: 'विंड, सँड अँड स्टार्स'ची फ्रेंच आणि इंग्रजी आवृत्ती तंतोतंत एक नाही. पॅटागोनियातल्या वादळाचं प्रकरण इंग्रजीसाठी जास्तीचं लिहिलेलं आहे. फ्रेंचमध्ये ते सापडत नाही म्हणून प्रत फाटकी समजू नका.

मैलाचा_दगड
एकक! एककांबद्दल कोणीच बोलत नाही!

विमानाच्या इतिहासात 'मैल' आणि 'गॅलन' हे शब्द एकट्याने यायलाच नकोत. जमिनीवरचा मैल 1.609 किलोमीटर, सागरी 1.852. अमेरिकन गॅलन 3.785 लिटर, ब्रिटिश 4.546. लिंडबर्गने सुमारे 450 गॅलन पेट्रोल घेतलं होतं. अमेरिकन धरले तर 1,703 लिटर, ब्रिटिश धरले तर 2,046. फरक 343 लिटर, वजनात अडीचशे किलोच्या आसपास. एवढं जास्तीचं घेऊन ते विमान ओल्या धावपट्टीवरून उठलं असतं का? म्हणून भाषांतरित पुस्तकांत मी पहिल्यांदा लिटर बघतो. 2,046 दिसलं की अनुवादकाने विचार न करता गुणाकार केलाय.

याचाच थोरला भाऊ म्हणजे 23 जुलै 1983 चं कॅनडातलं गिमली प्रकरण. पुस्तकं दोन ओळींत उडवतात: 'किलो आणि पौंडांचा गोंधळ झाला.' गोंधळ कुठल्या पायरीवर झाला ते बघा. बोइंग 767 विमानाच्या इंधनमापक यंत्रणेत बिघाड होता म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं: 7,682 लिटर. प्रवासाला हवं होतं 22,300 किलो. लिटरला गुणायचं 0.803 ने. कागदावर होतं 1.77, म्हणजे लिटरमागे पौंड.

त्यांनी केलं ते असं: 7,682 गुणिले 1.77 म्हणजे 13,597, हे किलो समजले. 22,300 मधून वजा, उरले 8,703. भागिले 1.77, आले 4,917 लिटर. तेवढे भरले.
करायला हवं होतं ते असं: 7,682 गुणिले 0.803 म्हणजे 6,169 किलो. उरले 16,131. भागिले 0.803, आले 20,088 लिटर.

एकच चुकीचा आकडा दोनदा वापरला गेला, एकदा गुणताना आणि एकदा भागताना, म्हणून तूट एवढी मोठी. विमान हवेत असताना एकापाठोपाठ दोन्ही इंजिनं गेली आणि ते गिमलीच्या जुन्या हवाई तळावर तरंगत उतरवलं. ही चार ओळींची बेरीज-वजाबाकी न छापणाऱ्या पुस्तकाला गिमलीवर प्रकरण लिहायचा हक्क नाही.

नवखा_प्रवासी
पण मापक बिघडलेला असताना विमान सोडलंच का?

मैलाचा_दगड
कुठला भाग बंद असताना उडता येतं याची एक यादी असते. ती यादी नव्या 767 साठी अजून पक्की होत होती आणि देखभाल विभागाच्या मंजुरीवर भरवसा ठेवला गेला. त्यावर स्वतंत्र लेख होईल.

काळी_पेटी
अशा तपशिलासाठी पुस्तकांपेक्षा मूळ अपघात-अहवाल वाचा. बहुतेक फुकट उपलब्ध असतात. आणि सगळे एकाच साच्यात असतात, कारण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या 13 व्या परिशिष्टात साचा ठरवून दिलाय. भाग 1 घडलेल्या गोष्टी, भाग 2 विश्लेषण, भाग 3 निष्कर्ष, भाग 4 शिफारशी.

वाचायचा क्रम मात्र उलटसुलट ठेवा. आधी 1.1, उड्डाणाची हकिगत. मग 1.7 हवामान आणि 1.11 रेकॉर्डर. इथे थांबून स्वतः अंदाज बांधा. मग 1.16, चाचण्या. त्यानंतरच भाग 2. आधी निष्कर्ष वाचला की बाकीचं सगळं 'हे तर दिसतच होतं' असं वाटू लागतं, आणि कॉकपिटमध्ये त्या क्षणी काय दिसत होतं ते कळत नाही.

नमुना म्हणून एअर फ्रान्स 447. अपघात 1 जून 2009, रेकॉर्डर समुद्राच्या तळातून मिळाले मे 2011 मध्ये, अंतिम अहवाल जुलै 2012. वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्या बर्फाच्या कणांनी तुंबल्या, वेगाचे आकडे बिघडले, ऑटोपायलट सुटला. मग नाक वर ओढलं गेलं आणि विमान स्टॉल झालं, वातकुक्कुट यांनी वर लिहिलंय तोच स्टॉल, इंजिनं चालू असताना. पुस्तकांत न सापडणारी बाब अशी: मोजलेला वेग 60 नॉटच्या खाली गेला की यंत्रणा कोनाचं मोजमाप अग्राह्य धरते आणि स्टॉलचा इशारा थांबतो. म्हणजे वैमानिकाने नाक खाली केलं, वेग थोडा वाढला, की इशारा पुन्हा वाजू लागणार. बरोबर कृती केली की भोंगा, चुकीची केली की शांतता. 'वैमानिकांनी साधा स्टॉल ओळखला नाही' असं एका ओळीत लिहिणाऱ्या लेखकाने 1.11 उघडलेलं नसतं.

गिरकी
हे माहीत नव्हतं. खतरनाक आहे.

रिवेट
कोणी पराक्रम नसलेलं पुस्तक शोधत असेल तर वॉल्टर व्हिन्सेंटीचं 'व्हॉट इंजिनिअर्स नो अँड हाउ दे नो इट' (1990). त्यात एक आख्खं प्रकरण सपाट डोक्याच्या रिवेटवर आहे. होय, माझं नाव तिथूनच.

1930 च्या दशकात वेग वाढले तशी पत्र्यावर उठलेली रिवेटची गोल डोकी अडथळा करू लागली. डोकं पत्र्यात बुडवायचं तर जाड पत्र्यात शंकूच्या आकाराचा खळगा कोरता येतो. पातळ पत्र्यात कोरलं तर भोकाची कड सुरीसारखी धारदार होते आणि तिथूनच पत्रा फाटतो. म्हणून पातळ पत्रा कोरायचा नाही, ठशाने दाबून खळगा पाडायचा. पण दाबताना भोकाच्या कडेला बारीक भेगा पडतात. डोक्याचा कोन किती ठेवायचा यावर प्रत्येक कारखान्याचं वेगळं मत होतं, सुटे भाग एकमेकांना बसेनात, शेवटी 100 अंशांवर एकमत झालं. या सगळ्याचा शोध कोणा एकाच्या नावावर नाही, कारागीर आणि आरेखक मिळून ते घडलं. 'महान संशोधक' छापाची दहा पुस्तकं वाचल्यावर हे एक प्रकरण वाचावं.

कागदी_विमान
एका खिळ्यावर एवढं?

रिवेट
रिवेट. खिळा म्हणू नये, भावना दुखावतात.

नवखा_प्रवासी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? इतकं सगळं वाचून आता काय आधी वाचायचं तेच कळेना. कुठलंही शिक्षण विमानाचं नाही, गणित बारावीपर्यंतचं. क्रम सांगाल?

शेपूटचाक
माझा क्रम: आधी 'स्टिक अँड रडर'चा अँगल ऑफ अटॅकचा पहिला भाग. मग क्राउच. मग गॅन. मग काळी_पेटी यांनी सांगितलेल्या क्रमाने एक अहवाल.

स्लिपस्ट्रीम
उलट. आधी गॅन किंवा सेंट-एक्झुपेरी. उडण्याची ओढ लागल्याशिवाय कोन कोण वाचणार?

वातकुक्कुट
अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची वैमानिकांसाठीची ज्ञानपुस्तिका फुकट उतरवता येते, आकृत्या स्वच्छ आहेत. ती शेजारी उघडी ठेवा आणि आत्मकथन वाचा. कुठे अडलं की सूचीत शोधा. गॅनला बर्फ लागला की बर्फाचं पान, मार्कमचं इंधन अडलं की इंधनयंत्रणेचं. सलग वाचायला गेलात तर तिसऱ्या प्रकरणात झोप लागेल.

नवखा_प्रवासी
हे जमेल. 'स्टिक अँड रडर' मात्र 1944 चं, म्हणजे त्यातलं काय आता जुनं झालंय?

वातकुक्कुट
लेखक एलिव्हेटरला (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची आडवी फळी) 'फ्लिपर' म्हणतो, तेवढं मनात बदलून घ्या. उतरण्यावरची प्रकरणं शेपटाखाली चाक असलेल्या विमानांची आहेत. हल्लीची बहुतेक शिकाऊ विमानं नाकाखाली चाकवाली, त्यामुळे तिथली टेकवण्याची पद्धत जशीच्या तशी लागू नाही. सुकाणूची गरजच नसलेली विमानं लवकरच सगळीकडे येतील असं त्याला वाटत होतं, तसं झालं नाही. सुकाणू विमान वळवण्यासाठी नसतं, हे त्याचं म्हणणं मात्र आजही बरोबर. विमान वळतं ते कललेल्या लिफ्टने, सुकाणू फक्त नाकाचं भरकटणं सावरतं. 1902 च्या ग्लायडरवर वर लिहिलंय ते आधी वाचा, मग ते प्रकरण घ्या.